चौथी शिट्टी

तीन शिट्ट्या सुरुंगाआधी.
पहिलीला बाया पाट्या टाकून पळायच्या,
दुसरीला जिंतूरची एस.टी. वळणावर थांबायची,
तिसरीला मी वातीला विडी टेकवायचो.
चौथी नंतरची.
धुरळा बसला, न उडालेलं भोक राहिलं नाही,
हे वाकून वाकून बघायचं, मग वाजवायची:
या आता. धोका नाही.

नऊ वर्षं ती पितळी शिट्टी माझ्या गळ्यात,
बोरगव्हाणच्या खदानीवर.
पोळ्याच्या रात्री ठेकेदार क्रशर उचलून गेला.
मागं पट्ट्याचे तुकडे, डिझेलचा काळा डाग,
आणि टेकडी होती तिथं साठ फूट खड्डा.
शेवटच्या सुरुंगाची चौथी शिट्टी
माझ्या तोंडातच राहिली.

खड्ड्यात पाणी साचलं, ताकासारखं.
म्हशी हुंगून माघारी फिरायच्या.
खालच्या अंगाला सतरा विहिरी.
हादऱ्यानं काळ्या खडकाचे सांधे सरकले,
झरे भलतीकडं गेले,
आणि जिथं थोडं उरलं तिथं तळाला
चुरीचा थर बसला, सिमेंटागत.

ग्रामसभेत संस्थेच्या मॅडम नकाशा घेऊन आल्या.
एक निळी रेघ, एक तांबडी.
म्हणाल्या, गाव आणि वस्ती मिळून करणार असाल तरच.
गाव आणि वस्ती:
हे दोन शब्द एका सतरंजीवर
पहिल्यांदाच बसले असावेत.
आम्ही वडार दाराशी उभे.
वेणूबाई गव्हाणे उठली,
"माझी हीर ह्यानंच फोडली. ह्यो तिपण्णा."
सरपंच खाकरले.
मी म्हणालो, हाव. मीच.
किती भोकं, किती दारू, कोणत्या तारखेला,
समदं वहीत लिवलेलं हाये.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"वही आणा," म्हणाल्या.

तेलकट वही ती, मागच्या पानावर उधारीचे आकडे.
तिच्यावरून तांबडी रेघ खोडली गेली
आणि वेगळीच एक निघाली.
यंकूआत्या त्या रेघेवरून अनवाणी चालली,
हातोडीनं दगडाला हळू विचारत.
जिथं बद्द वाजला तिथं थांबायची.
"इथून जातंय बगा पाणी."
शिकलेले दोघं उकिडवे बसून ऐकत होते.

दोन उन्हाळे गेले.
काठाच्या पायऱ्या केल्या, पडीक डबराचेच बांध घातले.
तलावाचा गाळ आणला, डिझेल पंचायतीचं.
पवन्याचं बी बचत गटाच्या बायांनी मुठीनं फेकलं.
पहिले आठ दिवस चहाचे कप वेगळे होते,
आमचे कानतुटके.
मग एका दुपारी ट्रॅक्टर मागं घेताना सगळेच फुटले,
आणि नवे वेगवेगळे आणायला
कुणाला सवड नव्हती.
करंजाची तीनशे रोपं. नव्वद शेळ्यांनी खाल्ली.
त्यावरून ठाण्यापर्यंत गेलेली भांडणं
जिंतूरच्या हॉटेलातून भजी खाऊन परतली.

आता दर अमावस्येला मी विहिरी मोजतो.
दोरीला हातभर अंतरावर गाठी,
टोकाला क्रशरचाच एक नट.
अकरा विहिरींत तळाचा खडक दिसतो.
पाच गढूळ, पण हलताहेत.
वेणूबाई तिच्या काठावर
दोरीचं दुसरं टोक धरून उभी असते.
नट खाली जातो, जातो,
आणि कोरडा आवाज येतो.
"यील का रं?"
मी गाठी परत गुंडाळतो.
खोटं बोलायला दोरी लहान पडत नाही,
पण बोलवत नाही.

खड्ड्यात यंदा टिबुकल्या उतरल्यात.
शाळेची पोरं काठावर बसून त्यांच्या बुड्या मोजतात,
आणि माझ्या गळ्याकडं बोट करतात,
"मामा, वाजवा की एकदा."
पितळ मी रोज सदऱ्याला पुसतो.
ओठांपर्यंत नेतो कधी.
अजून एक भोक
बघायचं राहिलंय.